आतले पुढे सरका

मेलेल्या माणसासाठी आणि जिवंत माणसासाठी तुम्ही एकच वाक्य वापरता. हा आरोप आहे, आणि तो तुमच्या तोंडावर करायची तिची तयारी आहे. “त्यांची उत्तम व्यवस्था झालेली आहे.” माणूस जगातून गेला तरी उत्तम व्यवस्था. लेकीने घरी नेला तरी उत्तम व्यवस्था. तुमच्या त्या मागच्या इमारतीत नेऊन निजवला तरी उत्तम व्यवस्थाच. पुढे नुसतं “जिवंत आहेत” म्हणाला असतात तर जीभ झडली असती का तुमची? नाही म्हणालात. आणि म्हणून एका जित्याजागत्या माणसाला अख्ख्या जेवणघराने हसत हसत पोचवून टाकलं, आणि ते पोचवणं घडलं तिच्या तोंडून.

हे सगळं ऑपरेटर वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाला मनातल्या मनात बोलत होती तेव्हा तिच्या गळ्याभोवती न्हाव्याची पांढरी चादर होती आणि मानेवर ओला कंगवा. न्हावी दर मंगळवारी यायचा, जिन्याखाली खुर्ची टाकायचा आणि बाई-पुरुष असा भेद न करता सगळ्यांची डोकी एकसारखी करून जायचा. वेण्या घालण्याचे दिवस इथे कुणाचेच उरले नव्हते. मागून पाहिलं की सगळे एकाच आईची लेकरं वाटायचे. हात चालले की त्याचं तोंडही चालायचं, आणि मगाशी त्याच चालत्या तोंडाने तो म्हणाला होता, “आज जरा उशीर झाला, बाई. मागच्या इमारतीत कंडक्टरची दाढी करत होतो ना.”

“कुणाची?”

“कंडक्टरची हो. बोलत नाहीत आता. उजवं अंग गेलंय. पण वस्तरा दिसला की डावा गाल फुगवून देतात बरोबर. सवय जात नाही माणसाची. मान खाली घ्या जरा.”

तिने मान खाली घेतली. मांडीवरच्या चादरीवर तिचेच पांढरे केस पडत होते. कात्री कानाजवळून गेली, डाव्या कानाजवळून, ज्या कानावर तिने उभी हयात हेडफोनचा दट्ट्या सोसला होता आणि ज्यात अजूनही उन्हाळ्यात उगीचच गरम व्हायचं. आत्ता तो कान पेटल्यासारखा झाला. जिवंत आहे. गाल फुगवतो. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण तो कुठल्या कोपऱ्यात झाला ते तिला सापडेना, कारण त्याच्या अंगावर दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, जड, ओल्या गोधडीसारखं. शुक्रवारी आपण काय केलं? शुक्रवारी आपण काय केलं?

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लांबच्या लांब बोर्ड, समोर भोकंच भोकं, हातात दोऱ्या, आणि शेजारी शेजारी बसलेल्या पोरी, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचं मोडलेलं, सगळ्यांच्या तोंडी एकच “नंबर प्लीज”. लोकांची जन्ममरणं तिच्या बोटांतून गेली होती. ऐकायचं नाही असा नियम होता, आणि ऐकल्याशिवाय काम व्हायचं नाही अशी रीत. लाइन जिवंत आहे की मेली आहे हे तिला कुणी सांगावं लागायचं नाही. जिवंत लाइनीत एक बारीक सूं असतो, पलीकडे कुणी गप्प बसलेलं असलं तरी असतो. एकदा एक बाप्या कुठल्याशा शहरातल्या बायकोशी बोलत होता, परत ये म्हणत होता, आणि पलीकडची लाइन केव्हाच तुटलेली होती. नियमाप्रमाणे मध्ये पडून सांगायला हवं होतं. तिने त्याला बोलून होऊ दिलं. तो माणूस शेवटी “बरं, ठेवतो” म्हणाला, इतक्या हलक्या आवाजात की तिला वाटलं, याचं काम झालं. मग ती कितीतरी वर्षं विचार करायची, कुणी ऐकत नसताना बोललेलं बोलणं जातं कुठे. लग्न तिने केलं नाही. भाऊ गेला, भावजय गेली, भाची उरली. त्या भाचीने चांगल्या मनाने, खरंच चांगल्या मनाने, तिला इथे आणून सोडलं.

इथे आल्या दिवशीच कंडक्टर जिन्यात आडवा आला होता. “कुठून चढलात?” असं त्याने विचारलं. ती गोंधळली. तो म्हणाला, “अहो, काय करत होता आयुष्यभर?” तिने सांगितलं. “बरं, एक्स्चेंज. खिडकीजवळची जागा रिकामी आहे, पण वारा लागतो. नंतर भांडायचं नाही.” शहरातल्या बसवर त्याने हयात घालवली होती आणि सगळ्या जगाकडे तो भरलेली बस म्हणूनच पाहायचा. धंद्यावरून हाका मारायची पद्धत त्यानेच पाडली. मुख्याध्यापिका होत्या त्या हेडबाई. पाट्या रंगवायचा तो रंगारी. आणि इथला व्यवस्थापक, ज्याला गरम पाणी येत नाही म्हणून सांगितलं तरी ज्याच्या तोंडून पहिला शब्द “छान!” असाच बाहेर पडायचा, तो छानसाहेब. त्याच्या ऑफिसात माशांची काचेची टाकी होती. एखादा मासा मेला की दुपारच्या आत त्याच रंगाचा दुसरा हजर. कंडक्टर म्हणायचा, “एक्स्चेंज, आपलं बरं आहे, आपल्या रंगाचा दुसरा मिळत नाही. नाहीतर आपल्या लेकरांना कळलंही नसतं.”

सकाळच्या चहाला जेवणघरात बातम्या वाचायचं काम छानसाहेबानेच तिला दिलं. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ. फक्त आनंदाच्या बातम्या, असं बजावून. आजारपण नको, मरण तर नकोच, रहिवाशांच्या मनावर परिणाम होतो. पहिल्या दिवशी ती माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या नातवाला पहिला दात आला.” मागच्या टेबलावरून कंडक्टर ओरडला, “आमच्याकडे उलटी वाहतूक! हेडबाईंचा काल एक पडला!” जेवणघर हसलं. हेडबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या, तोंडावर हात धरून. तिथून ते सुरूच झालं. ती म्हणायची, “उद्यापासून व्यायामाचा वर्ग आहे.” तो म्हणायचा, “वाकणाऱ्यांनी आधी परत उठवणारा माणूस ठरवून यावं!” ती म्हणायची, “आज जेवणात नवीन सूप आहे.” तो म्हणायचा, “नवीन कसलं, कालची भांडी विसळली असतील!” लोक त्यासाठी लवकर उठायला लागले. अंथरुणाला चिकटून राहणारी माणसं कवळ्या घालून, केस विंचरून खाली यायला लागली. छानसाहेब काचेआडून बघायचा आणि मान डोलवायचा.

मग रंगारी गेला. कुणी सांगितलं नाही. सकाळी त्याच्या खोलीबाहेर कठड्यावर गादी उन्हात टाकलेली, फरशीला फिनेलचा वास, एवढंच. विचारलं तर वाक्य ठरलेलंच, उत्तम व्यवस्था झालेली आहे. कुठे नेला, कुणी नेला, कुणी रडलं का, काही नाही. माणूस जणू कपात पडलेली माशी, चिमटीत धरून काढला आणि चहा पुढे चालू. दुसऱ्या दिवशी ती माइकवर नव्या पडद्यांची बातमी देत असताना कंडक्टर उठून उभा राहिला. आणि बसमधला तो आवाज, रस्त्यावरच्या गोंगाटाला फाडून जाणारा, त्याने काढला: “रंगारी उतरले! जागा रिकामी आहे! आतले पुढे सरका!” क्षणभर कुणाला कळेना. मग कुणीतरी खिदळलं, मग सगळं जेवणघर हसत सुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्या पाण्यात दुसरंही पाणी कुणाला न दिसता मिसळून गेलं. रंगाऱ्याच्या टेबलावरची माणसं खरोखरच उठली आणि एकेक खुर्ची पुढे सरकली. लोखंडी पायांच्या खुर्च्या फरशीवर खरखरल्या. तेवढीच रंगाऱ्याची शोकसभा. तेव्हापासून ती रीतच झाली. कुणी गेलं की कंडक्टर उठायचा, हाळी द्यायचा, सगळे हसायचे, खुर्च्या खरखरायच्या. छानसाहेबाला वाटायचं, म्हाताऱ्यांचा काहीतरी खेळ आहे. या सगळ्या घरात माणसाच्या जाण्याचा उच्चार होण्याची तेवढीच एक फट होती, आणि ती हसण्याच्या चिंधीने झाकलेली होती.

गुरुवारी संध्याकाळी कंडक्टरच्या हातून चमचा दोनदा पडला. “चमच्याने राजीनामा दिलाय,” तो म्हणाला. रोजच्यासारखी त्याने तिच्या चहावरची साय काढली, कारण तिला साय चालत नसे आणि त्याला आवडत असे, पण बोटं नीट जुळेनात. “हात झोपलाय. झोपू दे. ड्युटी खूप केलीय त्याने.” तिने म्हटलं, डॉक्टरला सांगा. तो म्हणाला, “सांगितलं की नेतात. मग हेडबाईंना जाच कोण करणार?” शुक्रवारी सकाळी त्याच्या खोलीबाहेर कठड्यावर गादी होती. दार सताड उघडं. फिनेल. ती तशीच ऑफिसात गेली, पायात चपला न घालता. छानसाहेब माशांना खाणं घालत होता. तिने विचारलं, कंडक्टर कुठे? त्याने चिमूट टाकून संपवली, हात पुसले आणि ते वाक्य म्हटलं.

मग चहाची वेळ झाली. ती माइकसमोर उभी राहिली आणि सगळं जेवणघर तिच्याकडे बघत होतं. मागच्या टेबलावरची ती एक खुर्ची. कुणाचीतरी हाळी व्हायला हवी होती आणि हाळी देणाराच नव्हता. तिने तोंड उघडलं, तर स्वतःच्या आवाजात ते येईना. स्वतःच्या आवाजात म्हटलं असतं तर ती तिथेच बसली असती फरशीवर. म्हणून तिने त्याचा आवाज काढला. घसा खरवडून, मान वर करून, शब्द फेकून, अगदी त्याच्यासारखा: “कंडक्टर उतरले! जागा रिकामी आहे! आतले पुढे सरका!” इतकी हुबेहूब नक्कल की लोक हादरले, आणि मग असे हसले, असे हसले, की हेडबाईंना ठसका लागला, कुणीतरी टेबलावर मूठ आपटत राहिलं. खुर्च्या खरखरल्या, सगळ्याच्या सगळ्या, कारण तो कुठल्या एका टेबलाचा नव्हता. ती हसली नाही. पण माइकमध्ये तिचं न हसणं कसं ऐकू जाणार?

“झालं बघा,” न्हावी म्हणाला आणि चादर झटकली. “एवढं काय गप्प झालात? तब्येत तशी बरी आहे त्यांची. आणि करमणूकही आहे. तुमच्या बातम्या तिकडेही लागतात की. त्यांच्या खाटेच्या वरच स्पीकरचा डबा आहे. मी वस्तरा चालवतो आणि वर तुम्ही बोलता.”

“रोज लागतात?”

“मी मंगळवारचा, बाई. मंगळवारी लागतात. एरवीचं ते लोक जाणोत.”

ती खुर्चीतून उठली तेव्हा जिन्याच्या पायऱ्या उतरत्या होत्या की चढत्या, हे तिला कळेना. सूं. कुठेतरी एक सूं चालू होता. तिला दिसत होतं ते असं: तो पडलाय, वर पांढरं छत, एक लाकडी डबा, आणि डब्यातून स्वतःचाच आवाज. आपणच आपल्याला उतरवतोय. आणि मग शंभर माणसांचं हसणं, आपण ज्यांना हसायला शिकवलं त्यांचं. उजवं अंग हलत नाही, तोंड वाकडं, ओरडून सांगता येत नाही की अहो थांबा, मी अजून आत आहे, मी उतरलेलो नाही. शनिवारी तिने माइकवर काय म्हटलं होतं? “कंडक्टर असते तर म्हणाले असते.” रविवारीही म्हटलं होतं. असते तर. चार सकाळी तिने त्याला मेलेल्यांच्या भाषेत आठवलं होतं, गहिवरून, प्रेमाने, आणि प्रत्येक प्रेमाचा शब्द त्याच्यावर मातीच्या ढेकळासारखा पडला असेल.

मागच्या इमारतीचं दार दुधी काचेचं. पलीकडे सावल्या हलतात, चेहरे नसतात. तिने घंटी दाबली. नर्स दार किलकिलं करून उभी राहिली. “बाई, इथे नात्यातल्यांनाच सोडतात.” ती म्हणाली, एकच मिनिट. नर्स म्हणाली, “माझ्या हातात असतं तर सोडलं असतं हो. साहेबांना विचारा.” “निदान निरोप सांगाल?” “काय सांगू?” खरंच, काय सांगणार? तुम्ही जिवंत आहात, आम्हाला कळलं, असा निरोप? मागून कुणीतरी नर्सला हाक मारली आणि दार लागलं. काचेवर तिचा स्वतःचा पुसट चेहरा उरला, नवीन कापलेले केस, कुणाचीही बहीण वाटेल असा.

छानसाहेब खुर्चीतून अर्धा उठला. “या, या. छान! केस छान कापलेत.”

“कंडक्टर जिवंत आहेत?”

“त्यांची अगदी उत्तम—”

“जिवंत आहेत का, ते विचारतेय मी.”

“आहेत ना! अहो, म्हणजे काय, आहेतच.”

“मग शुक्रवारी मी इथेच उभी राहून विचारलं, तेव्हा दाताखाली काय धरलं होतंत?”

“बाई, चिडू नका. आजारपणाची माहिती आम्ही कुटुंबालाच देतो. त्यांच्या मुलाने स्पष्ट सांगितलंय, कुणाला भेटू द्यायचं नाही, वडिलांना आवडणार नाही त्या अवस्थेत. आणि तुम्ही त्यांच्या… म्हणजे, कोण?”

ती शब्द शोधू लागली. आतेसासूला शब्द आहे. साडूला आहे, व्याह्याला आहे, सख्ख्या जावेला आहे आणि चुलत जावेलाही आहे. वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेल्या माणसांसाठी भाषेने शब्द घडवून ठेवलेत. पण रोज सकाळी जो माणूस तुमच्या चहावरची साय काढून घेतो त्याला काय म्हणायचं, याचा शब्द कुणाच्या बापाने केलेला नाही. बहीण म्हणावं तर तो हसला असता. मैत्रीण म्हणावं तर हा हसेल.

“मी त्यांच्या टेबलावर बसते,” ती म्हणाली.

“छान,” तो म्हणाला. पण दार काही उघडलं नाही.

“मागे सकाळच्या बातम्या लागतात?”

“सगळीकडे स्पीकर आहेत की. उत्तम सोय आहे.”

“शुक्रवारी चालू होता?”

“आता ते… कधी रुग्ण झोपलेले असतात, कधी तिथले लोक आवाज बंद करतात. एवढं कोण लक्षात ठेवतं, बाई? बघून सांगतो. पण का हो? शुक्रवारी तर कसली रंगत आली होती! मी इथे बसून ऐकत होतो. असं हसणं गेल्या कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. रोज असंच करा.”

टाकीतला मासा काचेला तोंड लावून उघडझाप करत होता. ती बाहेर पडली.

दुपारच्या चहाला तिने हेडबाईंना सांगितलं. हेडबाई तिच्या शेजारच्या खोलीत राहायच्या, ताठ, इस्त्रीच्या साडीतल्या, अजूनही पेला उचलण्याआधी आजूबाजूच्या गडबडीकडे डोळे वटारून बघणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मेला जिवंत आहे का? बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांची हनुवटी थोडी हलली. मग म्हणाल्या, “पण तुम्ही गप्प बसायचं.”

“गप्प कशी बसू? त्याने ऐकलं असेल तर?”

“आणि नसेल तर? माइकवर जाऊन काय सांगणार तुम्ही? शुक्रवारी आम्ही तुम्हाला मेलेले समजून हसलो? त्या छान्याला कळेल ना, उतरले म्हणजे काय ते. उद्यापासून माइक त्याच्या हातात. मग तुम्ही गेलात काय आणि मी गेले काय, गादी वाळत पडेल आणि हे सगळे सूप भुरकत बसतील. मला तसं नाही जायचं. माझ्या वेळी खुर्च्या सरकल्या पाहिजेत. मी आयुष्यभर पोरांना उठून उभं राहायला लावलंय, माझ्यासाठी कुणी निदान खुर्ची तरी हलवावी.”

“आणि तो?”

“तो आता येत नाही परत. मागे गेलेलं कोण आलंय? आपण थोडे लवकर रडलो, एवढंच झालं.”

“रडलो कुठे, हेडबाई? हसलो आपण.”

हेडबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांचं खरं होतं, हाच सगळ्यात मोठा त्रास होता. आपल्या इथल्या प्रत्येकाची ती एक फट, ती बुजवायची, कशासाठी? एका माणसाच्या कानात शब्द टाकण्यासाठी, जो कान कदाचित त्या दिवशी झोपलेला होता. आणि नाही बुजवली तर तो उद्या जाईल, परवा जाईल, डोळे छताकडे, आणि जाताना त्याच्याजवळ शेवटचं काय असेल? तिची नक्कल. त्यालाच उतरवायला काढलेला त्याचाच आवाज. त्यापेक्षा त्याला कुणी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. शिवी निदान जिवंत माणसाला घालतात. बाहेर बागेत माळी झारीने पाणी घालत होता, मुळाशी जायच्या आधीच ते मातीवरून वाहून चाललं होतं, आणि ती खिडकीशी उभी राहून ते वाहणं बघत राहिली, तिला हलावंसं वाटेना, बसावंसं वाटेना, अंगातलं एकेक हाड जणू दुसऱ्या कुणाचं उसनं आणलेलं.

बुधवारी सकाळी ती माइकसमोर उभी राहिली. लाल दिवा लागला. एक्स्चेंजमध्ये निदान सूं ऐकू यायचा; हा दिवा मुका होता, तो फक्त एवढंच सांगायचा की इकडून जातंय, तिकडे पोचतंय का याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. लोक चहा ढवळत होते. हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको.

“बातम्या,” ती म्हणाली. “आज एकच आहे. कंडक्टर जिवंत आहेत.”

चमचे थांबले.

“अहो कंडक्टर. मी बोलतेय. माझ्याच आवाजात बोलतेय. शुक्रवारी तुमची गादी बाहेर टाकली होती. मी ऑफिसात विचारायला गेले, मला सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्ही गेलात. जे झालं ते माझ्या तोंडून झालं, यांच्यापैकी कुणाचा दोष नाही. ते हसणं तुमच्यावर नव्हतं. रंगाऱ्यासाठी हसलो तसं हसलो. तुम्हीच शिकवलंत, दुसरं आम्हाला येतं कुठे? हेडबाईंना ठसका लागला तो हसण्याचा नव्हता. मागच्या टेबलावरचे दोघं त्या दिवशी जेवले नाहीत. ऐकू येतंय ना? तुमची खुर्ची जिथे होती तिथेच आहे. मी परत ओढून ठेवलीय. आणि सायीचं काय करायचं ते मला कळत नाही, मी ती तशीच पिते, घशात अडकते…”

काचेआडून छानसाहेब उठलेला तिला दिसला. तो धावत येत होता, म्हणजे त्याच्या परीने धावत, हसरा चेहरा तसाच पुढे धरून. तिने भराभर बोलायला सुरुवात केली, पूर्वी फोनवरची वेळ संपत आल्यावर लोक बोलायचे तशी, कसंही, काहीही, “मला आत सोडत नाहीत, मी तुमची कोणी नाही म्हणे, मी दाराशी आले होते, काल, घंटी वाजली ती मीच—”

“छान, छान, पुरे आता, बाई,” छानसाहेब म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. लाल दिवा विझला. “उतरले म्हणजे… म्हणजे तुम्ही लोक इतके दिवस…” तो जेवणघराकडे वळून बघू लागला, एकेका चेहऱ्याकडे, आणि एकेक चेहरा कपात बुडत गेला. हेडबाई ताठ बसून होत्या. “झालं,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “घालवलंत सगळं.” आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

तिच्या हातात मेलेला माइक होता. तिने तो खाली ठेवला. घसा फाटलेला होता, पण आवाज अजून होता, आणि आता तो कुठल्या तारेतून जाणार नव्हता, सरळ समोरच्या माणसाच्या तोंडावर जाणार होता.

“मी काय सांगते ते ऐका,” ती म्हणाली. “शुक्रवारी तो डबा बंद होता आणि आजही बंद होता, तर त्याने काही ऐकलंच नाही. मला चालेल. शुक्रवारी चालू होता आणि आजही चालू होता, तर त्याने दोन्ही ऐकलं. तेही चालेल. पण शुक्रवारी चालू असेल आणि आज तुमच्या माणसांनी बंद केलेला असेल, तर तो आत्ता, या घटकेला, आम्ही टाकलेला माणूस म्हणून तिथे पडलाय, आणि मी इथे भिंतीशी बोलले. मग मला ते दार उघडून द्यावं लागेल तुम्हाला. नात्याचं नंतर बघू.”

“बाई, बसून बोलू आपण. तुमच्या भाचीला फोन—”

“भाचीला नका विचारू. मी तुम्हाला विचारतेय.”

“त्यांची व्यवस्था अगदी उत्तम—”

“व्यवस्था नको. शुक्रवारी चालू होता की बंद? आज चालू होता की बंद? सांगा. सगळे बसलेत इथे, कुणाला कुठे जायचं नाही. सांगा.”